कण्हणारं इंजिन

१

ज्या इंजिनाखाली माझा दादा मेला ते विकायला काढलंय, असं वहिनीनं फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून सणसणीत शिवी गेली. समोर गिऱ्हाईक उभं होतं. ते बिचारं दोन पावलं मागे सरकलं.

वहिनीनं शिवी ऐकून घेतली आणि शांतपणे म्हणाली, "वन्सं, ते आपण विकत घेऊ."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"ते दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसलेलं मला चालायचं नाही. पण आधी तुम्ही तपासा. तुमच्या दादांनी न तपासता कधी काही घेतलं नाही."

माझा धंदाच तो. भंगारातलं जुनं इंजिन घ्यायचं असलं की लोक मला सोबत नेतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला नि मूठ कानाला लावून मी त्याच्या पोटातलं ऐकते, म्हणून भंगारवाले मला डॉक्टरीणबाई म्हणतात. ही विद्या दादाची. तो एका भंगाराच्या आवारात मिस्त्री होता. कुठलं इंजिन विकायचं आणि कुठलं तोडायचं हे तो ठरवायचा. त्याचा मुलगा, माझा भाचा, हाताखाली असायचा. पंचविशीतला, बापासारखाच बडबड्या.

गेल्या महिन्यात भाच्यानं हे इंजिन चेन-कप्पीला टांगलं आणि तेवढ्यात वहिनीचा फोन गेला, जेवायला ये, गार होतंय. टांगलेला माल सोडून जायचं नसतं. पण दादा म्हणाला, जा तू, मी बघतो. पोरगा घरी गेला. परत येऊन बघतो तर इंजिन खाली आणि दादा त्याच्याखाली. हूक निसटला, असं सगळे म्हणाले. हूक पोरानं अडकवलेला. तेव्हापासून त्यानं तोंडातून शब्द काढलेला नाही.

"उद्या मालक त्याला पोलिसांकडे नेणार आहेत," वहिनी म्हणाली. "चूक माझी, असं लिहून सही करायला. म्हणतात, कबूल केलंस तर मी मिटवतो. वन्सं, तो सही करणार. आणि त्याला जेवायला मी बोलावलं होतं. त्या दिवसापासून मी त्याला 'जेवायला ये' म्हणत नाही. ताट ठेवते आणि बाजूला होते."

मी हत्यारं पिशवीत भरायला घेतली. म्हटलं, "तयार राहा. आज दुपारीच जाऊ."

२

भर दुपारी भंगाराच्या आवारात उभं राहायला छाती लागते. गाड्यांचे सांगाडे एकावर एक रचलेले असतात, आणि दिवे उपटलेल्या खोबणी तुमच्याकडेच रोखून बघतात. ऊन चढलं की पत्रे आपोआप टक्‌टक् वाजतात. एरवी मी त्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्या दिवशी प्रत्येक आवाजाला माझी मान वळत होती.

मालक फाटकातच भेटले. टक्कल, दम लागलेला, आणि हातात हिरव्या काठाचा मोठा रुमाल. तो रुमाल त्यांच्या हातातून सुटलेला मी कधी पाहिला नाही.

"ताई, तुमच्याच घरातला माणूस गेला," ते घाम पुसत म्हणाले. "तेच इंजिन कशाला? दुसरं देतो, याहून चांगलं."

"वहिनीला हेच हवंय."

"उद्या बसवाला नेणार आहे. शब्द दिलाय मी."

"शब्दच दिलाय ना? माल तर इथंच आहे. का बघायलाही बंदी आहे?"

आजूबाजूला माणसं उभी होती. नाही म्हणायची सोय नव्हती. "बघा की. मला इंजिनातलं काय कळतं! मी वजनावर घेणार, वजनावर विकणार."

वहिनी माझ्या कानाशी लागून पुटपुटली, "काय कळतं म्हणे! एके काळी हे नि तुमचे दादा एकाच गॅरेजात हात काळे करत होते."

इंजिन शेडमध्ये लोखंडी घोडीवर चढवलेलं होतं. त्याला करड्या रंगाचा ताजा हात मारलेला होता. वर कप्पीची साखळी लोंबत होती. शेड झाडलेली दिसत होती, पण झाडणारा इंजिनाच्या जवळ फिरकला नव्हता. त्याच्याभोवती धुळीचा मोठा गोल तसाच राहिला होता. वहिनी दादाचा कामाचा एप्रन छातीशी धरून उभी राहिली. भाचा दारातच थांबला. तोंड मिटलेलं, नजर साखळीवर, आणि हात मात्र चालू. एकाखाली एक हात घेत तो हवेतलीच साखळी ओढत होता.

"झोपेतसुद्धा असंच करतो," वहिनी म्हणाली.

मी पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावला आणि इंजिन सावकाश फिरवलं. जुन्या इंजिनाची पहिली परीक्षा हीच असते, हातानं फिरतं का बघायचं.

इंजिन फिरलं. आणि कण्हलं.

खोटं सांगत नाही. आतून, पोटातून, लांबलचक 'हूंऽऽऽ' असा आवाज आला. आजारी माणूस कूस बदलताना काढतो तसा. वहिनीच्या हातातला एप्रन खाली पडला. शेडबाहेरून कुणीतरी ओरडलं, "ऐकलंत? मी सांगतोय तर मला वेड्यात काढतात!"

३

ओरडणारा गॅसकटर होता. गाड्यांचे तुकडे करणारा हा आडदांड गडी, कपाळावर काळा चष्मा चढवलेला. याचं आणि दादाचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. याची मजुरी कापलेल्या मालावर, आणि दादा वाचवेल तितकी इंजिनं याच्या हातून जायची.

"रोज भांडायचो," तो म्हणाला. "लपवायचं काय त्यात? आता भांडायला आहे कोण इथं?" त्यानं चष्मा डोळ्यांवर ओढला. ऊन नव्हतं तिथं. "मी दुसऱ्याच दिवशी मालकांना म्हटलं, हे माणूस खाल्लेलं धूड द्या, तुकडे करतो. अंगावर खेकसले. चांगला माल आहे, ओरखडासुद्धा नको म्हणाले. मग एकदा मी नुसतं फिरवून बघितलं तर हे असं. पुन्हा हात लावला नाही."

"दादा गेला तेव्हा तू कुठं होतास?"

"फाटकाबाहेर, झाडाखाली. डबा खात होतो."

"कुणी बघितलं?"

"कावळ्यांनी," तो म्हणाला आणि निघून गेला.

वजनकाट्याच्या केबिनमध्ये काटेवाली बसलेली होती. केबिनची खिडकी ट्रकच्या बाजूला आहे, तिथून शेड दिसत नाही. दादानं एकदा भर आवारात हिच्या काट्यात खोट आहे म्हटलं होतं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"माणूस गेला, आता राग कसला धरायचा," ती म्हणाली. "मी इथंच होते. साखळी वाजत होती ना बराच वेळ, खडखड, खडखड. मी मनात म्हटलं, पोरगा घास गिळून लगेच आला बघ कामाला. मग मालक ओरडत आले, धावा, धावा."

"पोरगा तेव्हा घरी जेवत होता."

तिचा चेहरा उतरला. "मग साखळी कुणी…? बाई गं! म्हणूनच म्हणतात, त्या शेडमध्ये ती आपोआप…"

"आपोआप फक्त वय वाढतं," मी म्हटलं. "साखळी ओढावी लागते."

बोलायला मी बोलले, पण माझ्याही अंगावर काटा होताच. शेडकडे परत जाताना मी मध्येच थबकले. तिनं साखळी ऐकली होती. मालकांचं ओरडणं ऐकलं होतं. पण या दोन्हींच्या मध्ये जे दणकन ऐकू यायला हवं होतं, ते तिनं सांगितलंच नव्हतं.

४

मी गोणपाट अंथरलं आणि इंजिनाखाली आडवी झाले. दादा सापडला त्याच जागी. वर तेवढंच लोखंड. दादा, मी म्हटलं, आता तूच दाखव बाबा.

इंजिनाच्या बुडाला तेल साठवायचं चेंबर असतं. बाकी सगळं इंजिन ओतीव लोखंडाचं, पण हे चेंबर पत्र्याचं, घरातल्या मोठ्या पातेल्याएवढं जाड. इंजिन नीट ठेवलं नाही तरी त्याला पोचा येतो. म्हणून घ्यायच्या आधी आम्ही खाली हात घालून चेंबर चाचपतोच.

दादा सापडला तेव्हा इंजिनाचा एक कोपरा त्याच्या छातीवर होता आणि दुसरा जमिनीवर. टांगलेलं इंजिन निसटून सिमेंटवर आलं तर तो दुसरा कोपरा चेपून बोळा व्हायला हवा.

मी तळवा फिरवला. एकदा, मग पुन्हा. चेंबर सगळीकडून गुळगुळीत होतं.

ठोकून सरळ केलं असेल, असं मनात आलं. पण ठोकायचं तर चेंबर उघडावं लागतं, आणि त्याच्या कडेचं पॅकिंग जुनं, तेलानं दगड झालेलं, जसंच्या तसं होतं. मी मान वळवून जमीन बघितली. धूळ होती, जुने डाग होते. सिमेंटचा टवका कुठंच उडालेला नव्हता.

त्या दिवशी जो तो दादाकडे धावला होता. इंजिनाकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

मी बाहेर आले तेव्हा वहिनीनं माझं तोंड बघूनच विचारलं, "काय झालं?"

"वहिनी," मी तिचा दंड धरला, "हे इंजिन पडलेलंच नाही."

५

पडलं नाही, तर कुणीतरी ते उतरवलं. साखळी ओढून, सावकाश, खडखड खडखड करत, माझ्या भावाच्या छातीवर. पण रडायला नंतर वेळ होता. तपासणी अर्धीच झाली होती.

मी ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडाच्या, बाजूवरून बोटं फिरवली. एका जागी रंगाखाली तीन खड्डे लागले, दाण्याएवढे, एका रांगेत. ते बोटांना लागले आणि मला दादा भेटल्यासारखं झालं. खोट सापडली की तो शेजारी पंच, म्हणजे टोकदार लोखंडी खिळा, ठोकून तीन टिंबं मारायचा. खडू पुसता येतो, म्हणायचा, हे कोण पुसेल? मी चाकूनं रंग खरवडला. टिंबांशेजारी पुट्टी निघाली, आणि पुट्टीखाली ब्लॉकला पडलेली चीर. असं इंजिन बसमध्ये बसवलं तर कुठल्यातरी घाटात ते दगा देणार, आणि तेही बसभर माणसांसकट.

म्हणजे दादानं हे इंजिन नापास केलं होतं. आणि तरी ते रंगवून उद्या बसवाल्याच्या गळ्यात पडणार होतं.

राहिलं ते कण्हणं. मी पुन्हा पाना फिरवला, आणि या वेळी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकत राहिले. आवाज फिरणाऱ्या भागांतून येत नव्हता. तो वरून येत होता, इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडातून. भूतबीत काही नाही, त्याच्या घशात काहीतरी अडकलं होतं आणि त्यातून ते श्वास ओढत होतं.

मी भाच्याला हाक मारली. तो दारातून आत येईना. मीच त्याच्यापाशी गेले.

"बाळा, बोलू नकोस, नुसती मान हलव. तू जेवायला गेलास तेव्हा वरचं तोंड उघडं होतं?"

त्यानं मान हलवली. हो.

"बाबा बंद करणार होते?"

हो. आणि त्यानं वहिनीनं उचलून घेतलेल्या एप्रनकडे बोट केलं. वहिनीनं खिशात हात घातला. आत लाकडी बुचं होती, दादानं स्वतः तासलेली, हरेक तोंडाच्या मापाची. इंजिन हलवायच्या आधी त्याचं तोंड बंद करायचं, नाहीतर आत नट पडतो नि सत्यानाश होतो. सगळे मिस्त्री त्यासाठी चिंधी कोंबतात. दादाला चिंधीचा संताप यायचा. चिंधी आत सरकते आणि माणूस विसरतो, म्हणायचा. माझ्या हातातली चिंधी त्यानं कितीदा हिसकावून फेकली होती.

या तोंडाच्या मापाचं बूच एप्रनमध्येच होतं. दादाला ते लावायला मिळालंच नव्हतं.

मी तारेचा आकडा केला आणि वाकड्या नळीत घातला. काहीतरी लागलं, ताणलं गेलं, आणि हळूहळू वर आलं. कापड होतं. अर्धं तेलकट, अर्धं पुठ्ठ्यासारखं कडक आणि तपकिरी. तेलानं कापड मऊ होतं, कडक होत नाही. कडक होतं ते वाळलेल्या रक्तानं.

मी त्याची घडी उलगडली, काठ बघितला आणि चटकन मुठीत लपवलं.

६

मी गॅसकटरला बोलावलं आणि त्याला फाटक लावून घ्यायला सांगितलं. काटेवालीला म्हटलं, इन्स्पेक्टरला फोन कर, सही आजच करायची आहे म्हणावं. मग मालक आले.

"झालं तपासून?" त्यांनी विचारलं.

"झालं. हे इंजिन त्या दिवशी पडलंच नाही. चेंबरला पोचा नाही, जमिनीला टवका नाही, आणि या बाईनं साखळी ऐकली, दणका ऐकला नाही. कुणीतरी दादाला आधी आडवा केला आणि मग त्याच्यावर इंजिन उतरवलं. हूक नंतर सोडवला."

काटेवालीनं तोंडावर हात ठेवला. गॅसकटरनं चष्मा कपाळावर सरकवला.

"पोलिसांना सांगा ते," मालक म्हणाले. "हा गॅसकटर काय कमी भांडायचा त्याच्याशी?"

"भांडायचा ना. म्हणूनच मी आधी त्याचा विचार केला. पण अपघातच दाखवायचा होता तर इंजिन नुसतं सोडून द्यायचं होतं. एक हूक काढला की काम फत्ते. साखळी ओढत कोण बसेल? पकडलं जायची भीती, त्यात भर दुपार. तरी तो माणूस ओढत बसला. का? कारण सोडलं असतं तर इंजिन फुटलं असतं."

बाहेर पत्रा टक् वाजला.

"गॅसकटरला ते फुटलेलंच बरं, त्याला मजुरी मिळते. काटेवालीला काय, फुटलं तरी वजन तेवढंच. पोरगा घरी होता. या इंजिनाला ओरखडा आला तर जीव कळवळेल असा माणूस या आवारात एकच आहे. माणूस गेला तरी चालेल, माल शाबूत राहिला पाहिजे. बरं, तुम्हाला इंजिनातलं काही कळत नाही ना? मग उतरवायच्या आधी त्याचं तोंड बंद करायचं कसं आठवलं? हाताला जुनी सवय आहे, मालक. जवळ बूच नव्हतं, म्हणून हातात होतं ते कोंबलंत. ते आत सरकलं, आणि परत काढायला एकांत मिळाला नाही, की विसरलात?"

मी मूठ उघडली. काजळीखालून हिरवा काठ दिसत होता. मालकांच्या हातात तसलाच दुसरा रुमाल होता. त्यांनी तो खिशात घालायचा प्रयत्न केला आणि तो खिशात जाईना.

"ढकललं फक्त," ते म्हणाले. "बसवाल्याला चीर दाखवतो म्हणाला. सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो म्हणाला. माझा धंदा बसला असता. मी ढकललं, घोडीच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं… तो आधीच गेला होता. खरंच गेला होता."

"नक्की?" वहिनी पहिल्यांदाच बोलली. "श्वास बघितला होता तुम्ही?"

मालकांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते इंजिनाकडे बघत राहिले. म्हणजे श्वास बघितलाच नव्हता. गॅसकटरनं त्यांचा दंड धरला आणि पोलीस येईपर्यंत सोडला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आता तो ते लपवतही नव्हता.

त्यांना गाडीत बसवून नेल्यावर शेडमध्ये आम्ही तिघंच उरलो. भाचा दारातून आत आला. महिन्याभरात पहिल्यांदाच. तो धुळीच्या गोलात शिरला, मी अंथरलेल्या गोणपाटावर आडवा झाला आणि इंजिनाखाली सरकला. त्याचा हात चेंबरवरून फिरताना मला ऐकू येत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत.

"आत्या," खालून आवाज आला. बसलेला, घोगरा. "गुळगुळीत आहे."

"हो रे राजा."

"कुठंच पोचा नाही."

"नाही. तुझा हूक नीटच बसला होता."

तो बराच वेळ खाली पडून रडला. आम्ही त्याला रडू दिलं. बाहेर आल्यावर त्यानं पाना घेतला आणि इंजिन स्वतःच्या हातानं फिरवून बघितलं. आता ते कण्हलं नाही. नुसती हवा ओढली आणि सोडली. मग त्यानं एप्रनच्या खिशातून नेमकं त्या मापाचं बूच काढलं आणि वरच्या तोंडात ठोकून बसवलं.

"तोंड उघडं ठेवायचं नसतं," तो म्हणाला. शब्द दादाचे होते, आणि आवाजही.

वहिनीनं एप्रनची घडी केली, ती काखेत धरली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चल," ती म्हणाली. "जेवायला ये."